नाव बदललं, गाव शोधा!

समजा ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाचं आडनाव आहे मिलर. घरात सगळे इंग्रजीच बोलतात. आजी मात्र जाण्यापूर्वी सांगून गेली, "आपण मूळचे प्रशियाचे." आता पूर्वज शोधायचे कसे? जर्मन शिकता शिकता मी या विषयात शिरले आणि लक्षात आलं, हे तर चक्क रिव्हर्स इंजिनिअरिंग आहे!

आधी थोडा इतिहास. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने ल्युथरन व रिफॉर्म्ड ही दोन चर्चेस एकत्र केली आणि एकच उपासनापद्धत लादली. ज्यांना हे पटलं नाही, त्यांच्यातले काही जण पाद्री ऑगस्ट काव्हेल यांच्या पुढाकाराने १८३८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात आले. ॲडलेडजवळ त्यांनी गाव वसवलं आणि नाव दिलं क्लेम्झिग, म्हणजे मागे सोडलेल्या गावाचंच! 'झेब्रा' जहाजातून आलेल्यांनी १८३९ मध्ये आपल्या गावाला कप्तान हानचं नाव दिलं : हानडॉर्फ. 'डॉर्फ' म्हणजे खेडं.

आता शोधाची रीत. नियम पहिला : आजकडून मागे जायचं, एकेक पिढी, प्रत्येक पायरीला कागद. एकदम १८३८ मध्ये उडी मारली की दुसऱ्याचेच आजोबा गळ्यात पडतात!

नियम दुसरा : स्पेलिंगवर विश्वास ठेवायचा नाही. म्युलरचा मिलर होतो, श्मिटचा स्मिथ. शिवाय एका घरातले तिघे भाऊ कागदोपत्री योहान असू शकतात. हाक मारायचं नाव दुसरंच असतं.

नियम तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : गावाचं नाव मिळवा. जुन्या जर्मन नोंदी गावोगावच्या चर्चच्या वहीत आहेत. नुसतं 'प्रशिया' म्हणजे पिनकोड नसलेलं पत्र. गाव कुठे सापडेल? हॅम्बुर्गहून सुटणाऱ्या जहाजांच्या १८५० पासूनच्या प्रवासी याद्यांत, नागरिकत्वाच्या अर्जात, ल्युथरन चर्चच्या नोंदीत, थडग्यावरच्या दगडावर. व्हिक्टोरिया वसाहतीच्या मृत्यूच्या दाखल्यात तर आईवडिलांची नावंही असतात. जुनी वर्तमानपत्रं 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

पण गाव मिळूनही नकाशावर दिसेलच असं नाही. मूळचं क्लेम्झिग १९४५ नंतर पोलंडमध्ये गेलं. आज त्याचं नाव क्लेंप्स्क. आणि ऑस्ट्रेलियातलं? पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रू ठरला. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९१७ च्या कायद्यानंतर ६९ जर्मन गावनावं बदलली. क्लेम्झिगचं झालं गाझा, हानडॉर्फचं अँबलसाइड. ही दोन्ही नावं परत मिळायला १९३५ उजाडलं.

मला हे वाचून वाईट वाटलं. ज्यांनी आपली प्रार्थना बदलायला नको म्हणून देश सोडला, त्यांच्याच नातवंडांना ऐंशी वर्षांनी आपल्या गावाचं नाव सोडावं लागलं. काही घरांत तर भीतीपोटी आडनावही बदललं. म्हणूनच आजीचं ते एक वाक्य इतकं मोलाचं. कागद शंभर वर्षं थांबतात, आजी थांबत नाही. तेव्हा शोधाचा खरा पहिला नियम हाच, की अभिलेखागारात जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, विचारा आणि लगेच लिहून घ्या.