कुडाचे घर कसे उभे राहते?

पनवेलहून कर्नाळ्याच्या किंवा माथेरानच्या डोंगराकडे गेल्यास ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांत अजूनही एखादे कुडाचे घर दिसते. काठ्यांच्या भिंती, त्यांवर माती आणि वर पेंढ्याचे छप्पर! रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. छपराने ३० चौरस मीटर जागा झाकली असेल, तर त्यावर वर्षभरात ९०,००० लिटर, म्हणजे ९० टन पाणी पडते. तरीही आतली चूल पेटती राहते. हे कसे?

प्रथम सांगाडा पाहू. जमिनीत पुरलेल्या, बेचके असलेल्या खांबांना मेढी म्हणतात. मधल्या उंच मेढींवर आढे बसते. आढ्यापासून दोन्ही बाजूंना वासे उतरतात व कडेच्या आखूड मेढींवरील आडव्या लाकडांवर टेकतात. पेंढ्याचा भार वाशांवर, वाशांचा आढ्यावर व आडव्या लाकडांवर, त्यांचा मेढींवर आणि मेढींचा जमिनीवर येतो. या साखळीत भिंत कोठेच नाही! कूड म्हणजे केवळ पडदा होय. तो मोडला तरी घर उभे राहते. नवीन पनवेलमधील काँक्रीटच्या इमारतींतही भार खांब आणि तुळया पेलतात. मधल्या विटा फक्त आडोसा देतात. तत्त्व एकच.

कुडासाठी कारवीच्या सरळ काठ्या वापरतात. सुमारे सात वर्षांनी एकदा फुलून मरणारी ही वनस्पती सह्याद्रीत विपुल आहे. काठ्या बांधून त्यांवर माती-शेणाचा लेप देतात. इंग्लंडमधील जुन्या खेड्यांतही ओकच्या सांगाड्यात काठ्या विणून त्यांवर माती, शेण व पेंढा लिंपत असत. हाताशी असलेल्या वस्तूंनी दोन्हीकडे सारखीच युक्ती सुचवली!

आता छप्पर. पेंढा खालून वर, माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक रचतात. उतार तीव्र असल्याने थेंब एका काडीवरून दुसरीवर घसरत वळचणीपर्यंत जातो. फक्त वरचा थर भिजतो. उतार कमी झाला, की पाणी रेंगाळून आत झिरपते. काड्यांमध्ये कोंडलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने उन्हाळ्यात घर थंड राहते. चुलीचा धूर छप्पर कोरडे ठेवतो व किडीला दूर ठेवतो. वळचण खाली, भिंतीच्या बाहेर आणलेली असते, कारण मातीचा लेप पावसाच्या माऱ्याने धुऊन जातो.

या घराचे दोषही आहेत. पेंढा कुजतो, म्हणून छप्पर वारंवार शाकारावे लागते. मेढी जमिनीलगत कुजतात, त्यांना वाळवी लागते. आगीचे भय तर मोठेच. १२१२ सालच्या आगीनंतर लंडनमध्ये नवी गवती छपरे घालण्यास मनाई झाली. म्हणूनच आज अनेक घरांवर पत्रे आले. शाकारण्याचे कष्ट वाचले. पण पत्रा दुपारी तापतो आणि पावसात आतले बोलणे ऐकू येत नाही. पत्र्याचा टिकाऊपणा आणि पेंढ्याचा थंडावा एकत्र कसा आणावा, हा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

करून पहा : फळीवर पेंढ्याचा बोटभर जाड थर उताराच्या दिशेने बांधा. पेंढा व फळी यांच्यामध्ये टीपकागद ठेवा. कोनमापकाने उतार प्रथम १५, मग ४५ अंश ठेवून झारीने सारखेच पाणी शिंपडा. दुसऱ्या वेळी पेंढा व कागद कोरडे घ्या. कोणता कागद अधिक भिजतो?