चांदीच्या रुपयाची पारख

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली आपल्या ग्रंथात रुपयाच्या प्रश्नाची चिकित्सा केली. अडीअडचणीला आजीच्या पेटीतील रुपया विकावयाचा झाल्यास त्याचीही चिकित्सा करावी.

प्रथम साल पाहावे. १८३५ ते १९३९ च्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. १९४० पासून वजन तेच राहिले, चांदी मात्र निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया निकेलचा.

नंतर वजन करावे. झिजेने ते किंचित घटते. लोहचुंबकास चिकटणारे नाणे चांदीचे नव्हे. परंतु न चिकटणारे पितळेचेही असू शकते. म्हणून शेवटी सराफाकडील यंत्रावर आपल्यासमोर शुद्धता तपासून घ्यावी.

केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, हा तथागतांचा कालामांना उपदेश बाजारातही तारतो.