‘बोलावंस’ येतं, तर ‘आब्लेस’ही येईल

बाळ, स्पॅनिशचा सब्जंक्टिव्ह आला म्हणून तक्ते घोकत बसू नकोस. आधी आपला विध्यर्थ, म्हणजे ‘बोलावंस’सारखी रूपं, नीट बघ. वाचनालयात मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) मिळालं तर चाळ.

स्पॅनिशमध्ये हे रूप करायचं ते ‘मी’च्या रूपावरून. आब्लो (बोलतो), कोमो (खातो), बीबो (राहतो). शेवटचा ‘ओ’ काढ आणि स्वर उलटव: ‘आर’वाल्यांना ए, ‘एर’ आणि ‘ईर’वाल्यांना आ. आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. तसंच कोमा, कोमास, बीबा, बीबास. ‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप एकच, तेव्हा घोटाळा होईल तिथे कर्ता स्पष्ट बोल.

वापरताना माणसं मोज. ‘किएरो के आब्लेस’, म्हणजे तू बोलावंस अशी माझी इच्छा. इच्छा एकाची, बोलणं दुसऱ्याचं, मध्ये ‘के’. दोन्ही माझंच असेल तर नुसतं ‘किएरो आब्लार’. आपणही तिथे ‘मला बोलायचंय’ म्हणतो. नकारार्थी आज्ञेतही सब्जंक्टिव्हच. ‘बोल’ला ‘आब्ला’, पण ‘बोलू नकोस’ला ‘नो आब्लेस’. दोन्ही भाषांत आज्ञेत नकार आला की क्रियापद रूप बदलतं.

एका ठिकाणी मात्र मराठी दगा देते. ‘पोचशील तेव्हा फोन कर’ यात आपला भविष्यकाळ. स्पॅनिशला तिथेही सब्जंक्टिव्ह लागतो, ‘क्वान्दो येगेस’. हे पाठच कर.

आणि ‘ओखाला’ विसरू नकोस. हा शब्द अरबांकडून स्पेनमध्ये आला. देवाची इच्छा असली तर, हा त्याचा मूळ अर्थ. आपल्या मोहल्ल्यांत ‘इन्शाअल्ला’ कानावर पडतं ना, त्यातलं अल्लाचं नाव यातही आहे. ‘ओखाला’नंतर सब्जंक्टिव्ह हटकून येतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, तेव्हा वरच्या मजल्यांवर अडकलेलं सारं चिपळूण एकच मागत होतं: पाणी उतरू दे. ‘ओखाला बाखे एल आग्वा.’ व्याकरणाचं हे रूप माणसाच्या मागण्यासाठी, काळजीसाठी आहे. म्हणून उदाहरणंही आपल्या जिवाची घे, पुस्तकातल्या पेद्रोची नकोत.

रोज एक नियमित क्रियापद निवड. ‘किएरो के’ने एक वाक्य, ‘नो’ने एक, ‘ओखाला’ने एक. आणि ती मोठ्याने म्हण, मनातल्या मनात नको.