खोल प्रवाळभित्तीतील कृमी

फ्रेडरिक ग्रासल या शास्त्रज्ञाने १९७३ साली एका प्रवाळाच्या गड्ड्यातील प्राण्यांची मोजदाद प्रसिद्ध केली. हा गड्डा ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील हेरॉन बेटाजवळचा. वजन ४.७ किलो, म्हणजे एखाद्या बेताच्या कलिंगडाएवढे. त्यातून निघालेले कृमी भरले १,४४१ आणि त्यांच्या जाती निघाल्या १०३!

कृमी म्हटले की तुम्हाला पोटातील जंत आठवतील. हे त्यांचे सगेसोयरे नव्हेत. गांडूळ व जळू ज्या वलयी संघात मोडतात, त्याच संघातील हे पॉलिकीटा गटाचे प्राणी. गांडुळाच्या अंगावरून मागून पुढे हलकेच बोट फिरवा. बारीक खरखर लागेल. ती त्याच्या त्वचेतील राठ केसांची. पॉलिकीटांत हे केस भरपूर असतात. बहुतेकांच्या प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंस पायासारखे मांसल उंचवटे असतात व त्यांवर या केसांचे झुपके.

पण एका गड्ड्यात १०३ जाती मावल्या कशा? प्रवाळाचा जिवंत भाग म्हणजे केवळ वरचा पातळ थर. आत सारा चुन्याचा सांगाडा, भोकाभोकांचा आणि फटीफटींचा. अनेक बिऱ्हाडांचा जुना वाडाच म्हणा ना! एक कृमी चुना पोखरून घर करतो. दुसरा स्वतःभोवती चुन्याची नळी बांधतो आणि पिसांसारखा तुरा बाहेर काढून पाण्यातील अन्नकण टिपतो. तिसरा बळकट जबड्यांनी शिकार करतो, तर चौथा फटीत साचलेल्या गाळावर गुजराण करतो. घर एक, पण धंदे वेगळे. म्हणून इतके जण नांदू शकतात.

हा गड्डा उथळ पाण्यातला होता. आता आपण खाली उतरू. उथळ पाण्यातील प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात आणि उन्हाच्या साहाय्याने तयार केलेले अन्न प्रवाळांना देतात. त्यामुळे त्यांना ऊन हवेच. तीस-चाळीस मीटरखाली उजेड मंदावतो. तेथे बरेच प्रवाळ ताटासारखे पसरट वाढतात, म्हणजे जास्तीत जास्त उजेड अंगावर घेता येतो. काही ठिकाणी असे प्रवाळ दीडशे मीटरपर्यंत आढळतात. कृमींना मात्र उन्हाशी थेट कर्तव्य नाही. मग वरचेच कृमी खालीही असतील, असे तुम्ही म्हणाल.

पण वाडाच बदलला तर? खाली लाटांचा मारा कमी, म्हणून गाळ अधिक साचतो. फांद्यांच्या गड्ड्यांऐवजी पसरट ताटे, स्पंज आणि वरून घरंगळलेले तुकडे असतात. बिऱ्हाडकरूही बदलायला हवेत. मासे आणि प्रवाळ यांच्याबाबत तसे दिसले आहे. अटलांटिक व पॅसिफिक महासागरांतील एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात खोल भित्तीवरील जीवसृष्टी उथळ भित्तीहून बरीच वेगळी आढळली. कृमींची मोजदाद अवघड, कारण ते लपलेले. शिवाय साध्या हवेची टाकी पाठीवर घेतलेल्या पाणबुड्याची मजल चाळीस मीटरच्या आसपास संपते. त्याखाली हवेतील नायट्रोजनाची चक्क नशा चढते! मग हेलियम मिसळलेली हवा लागते आणि थोडा वेळ खाली काम केले की वर येण्यात काही तास जातात. म्हणून एक युक्ती काढली आहे. प्लॅस्टिकच्या चौकोनी पाट्या, मध्ये फटी ठेवून, एकावर एक बसवतात आणि हा संच एक ते तीन वर्षे भित्तीवर ठेवून देतात. कृमी आपण होऊन राहायला येतात. मग संच वर आणून पाटी पाटी तपासायची.

आपल्याकडेही विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक हे प्रवाळांचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचेच नाव त्याला दिलेले. त्याचा माथाच सुमारे २० मीटर पाण्याखाली आहे आणि कडा त्याहून खूप खोल उतरतात.

यापेक्षाही खोल, जेथे ऊन पोहोचतच नाही अशा काळोखातही प्रवाळभित्ती आहेत. नॉर्वेजवळची रॉस्ट भित्ती २००२ साली सापडली. ती ३०० ते ४०० मीटर खोल असून सुमारे ३५ किलोमीटर लांब आहे. पाणी थंडगार. येथील लोफेलिया प्रवाळात शैवले नाहीत. तो पाण्यातून येणारे अन्न पकडून खातो. त्याच्या फांद्यांत युनिसी नॉर्वेजिका हा कृमी चर्मपत्रासारखी नळी बांधून राहतो. प्रवाळ त्या नळीवर चुन्याचा थर चढवतो. त्यामुळे शेजारच्या फांद्या एकमेकींना जोडल्या जातात आणि भित्ती भक्कम होते. पाण्याच्या टाकीत तर हे कृमी प्रवाळाचे सुटे तुकडे ओढून एकत्र आणताना दिसले. हाच पठ्ठ्या प्रवाळाच्या तोंडचा घासही पळवतो, बरे का! बिऱ्हाडकरू चोर खरा, पण वाड्याची डागडुजी करणारा.

अशा भित्तींवरून मासेमारीची जड जाळी तळ खरवडत गेली की फांद्यांचा चुरा होतो आणि बिऱ्हाडे मोजण्याआधीच वाडा जमीनदोस्त होतो. नॉर्वेजवळच्या अशा भित्तींपैकी ३० ते ५० टक्क्यांना इजा पोहोचली असावी, असा तेथील शास्त्रज्ञांचा २००२ मधील अंदाज होता. लोफेलियाची फांदी वर्षाला फार तर दोन-अडीच सेंटिमीटर वाढते. नॉर्वेने १९९९ मध्ये सूला भित्तीवर आणि २००३ मध्ये रॉस्ट भित्तीवर अशा जाळ्यांना बंदी घातली.