किरणोत्सर्गाच्या रुग्णाला हात कोण लावणार?

माडबनचं नाव काढलं की रत्नागिरी जिल्ह्यात घराघरात दोन तट पडतात. तिथल्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पात प्रत्येकी १७३० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. तो व्हावा की नाही, हा वाद कित्येक वर्षं धुमसतो आहे. त्या गदारोळात एक प्रश्न मागेच राहतो: किरणोत्सर्गाचा अपघात झालाच, तर रुग्णावर उपचार कोण करणार? दहावी-बारावीच्या उंबरठ्यावरच्या मुलामुलींनी या प्रश्नाकडे करिअर म्हणून जरूर पाहावं. प्रकल्प होवो न होवो, ही माणसं लागणारच आहेत.

गरज फक्त अणुभट्टीपुरती नाही

दिल्लीतल्या मायापुरीत २०१० साली भंगारात कोबाल्ट-६० आलं. ते एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातलं होतं. भंगाराचं काम करणाऱ्यांची कातडी काळवंडली, केस गळले, रक्तातल्या पेशी घटल्या. एकाचा जीव गेला. तिथे अणुभट्टी नव्हती, साधा भंगारबाजार होता. कर्करोगाच्या उपचारात आणि कारखान्यांतल्या पाइपांचे जोड तपासण्यासाठी किरणोत्सारी पदार्थ रोज वापरले जातात. त्यामुळे असा रुग्ण पहिल्यांदा कोणाच्याही ओपीडीत येऊ शकतो. भाजल्याची खूण आहे, पण कशाने भाजलं ते सांगता येत नाही, असा रुग्ण समोर आल्यावर ज्याला शंका येते, तो डॉक्टर पुढचे कित्येक जीव वाचवतो.

प्रत्यक्षात काम काय असतं?

आधी जीव, मग किरणोत्सर्ग, हा पहिला नियम. श्वास, रक्तस्राव, मोडलेली हाडं यांवरचे उपचार मोजणीयंत्रासाठी थांबत नाहीत. नुसते किरण अंगावर पडलेला रुग्ण, एक्स-रे काढलेल्या माणसासारखाच, दुसऱ्याला बाधा करत नाही. काळजी घ्यायची ती अंगावरच्या किरणोत्सारी धुळीची. कपडे कापून, आतली बाजू बाहेर येईल असे गुंडाळत काढले की बरीचशी धूळ तिथेच जाते. उरलेली कोमट पाणी आणि साबणाने धुतात. खसाखसा घासायचं मात्र नाही, कारण कातडी सोलवटली तर धूळ आत शिरते.

मग सुरू होतो अंगात गेलेल्या किरणांच्या मात्रेचा हिशोब. पहिली उलटी किती वाजता झाली, याची नोंद होते. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी काही तासांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मोजतात. त्या जितक्या झपाट्याने घसरतात, तितकी मात्रा मोठी. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तुटून चुकीची जोडली गेलेली गुणसूत्रंही मोजली जातात.

औषधं ठरावीक आणि नेमकी आहेत. पोटॅशियम आयोडाइड फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवतं, तेही वेळेत घेतलं तरच. सीझियमवर प्रशियन ब्लू चालतं. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली सीझियमच्या अपघातानंतर ते वापरलं गेलं. अस्थिमज्जा खचली तर पेशी वाढवणारी इंजेक्शनं, रक्त, प्रतिजैविकं आणि जंतुसंसर्गापासून जपणारी खोली लागते. चेर्नोबिलला १९८६ साली १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्ग विकार झाला, त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांत दगावले. बाकीचे तो काळ तरून गेले.

नियोजनही वैद्यकाचाच भाग आहे. फुकुशिमात २०११ साली अणुदुर्घटनेनंतर घाईघाईने हलवताना अंथरुणाला खिळलेले कित्येक रुग्ण दगावले.

वाटा कोणत्या?

डॉक्टर व्हायचं असेल तर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा आणि एमबीबीएस. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला वालावलकर महाविद्यालय आहे. पुढे न्यूक्लिअर मेडिसिन, रेडिएशन ऑन्कॉलॉजी, रक्तविकार किंवा इमर्जन्सी मेडिसिन यांत पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर हे भाभा अणुसंशोधन केंद्राचं, १९६३ पासून या क्षेत्रात असलेलं केंद्र.

नीट जमली नाही म्हणजे दार बंद झालं, असं समजू नका. फिजिक्सची आवड असेल तर बीएस्सी रत्नागिरीतच होते. पुढे एमएस्सी आणि भाभा केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची एक वर्षाची पदविका, ही मेडिकल फिजिसिस्ट होण्याची मान्यताप्राप्त वाट. गुणसूत्रं मोजणाऱ्या प्रयोगशाळेत जीवशास्त्राचे पदवीधर लागतात. न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी आणि नर्सिंग हेही पर्याय आहेत. चिपळूणच्या २०२१ च्या महापुरात आपण ज्यांना पाहिलं, त्या एनडीआरएफच्या जवानांना अशा आपत्तीचंही प्रशिक्षण असतं. तिथे केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून जाता येतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘अणु-आणीबाणी डॉक्टर’ अशी जाहिरात सहसा निघत नाही. रोजची नोकरी कर्करोग रुग्णालयात, पेट-सीटी केंद्रात किंवा अणुऊर्जा विभागाच्या रुग्णालयात असते. आणीबाणीची तयारी त्या नोकरीत राहूनच, सराव आणि प्रशिक्षणातून होते. म्हणजे अपघात झाला नाही तरी पोटापाण्याची चिंता नाही.

पालकांची धास्ती

‘मुलीला पुढे मूल होईल ना?’ हा प्रश्न आईबाप दबक्या आवाजात विचारतात. त्याला मोकळं उत्तर मिळायला हवं. भारतात या कामातल्या माणसासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीवरच्या बॅजवर मात्रा नोंदली जाते आणि तो ठरावीक काळाने तपासला जातो. या मर्यादेत काम करणाऱ्यांच्या प्रजननक्षमतेला धोका पोहोचत नाही. गरोदरपण कळवल्यावर बाळासाठी आणखी कडक मर्यादा लागू होते आणि कामाची पद्धत त्याप्रमाणे बदलतात. कमी वेळ, जास्त अंतर आणि मध्ये आडोसा हे तीन नियम पाळणारा माणूस सुरक्षित राहतो.

आता काय कराल?

अकरावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि गणित हे सगळे विषय घ्या, म्हणजे डॉक्टरकीची आणि फिजिक्सची अशा दोन्ही वाटा खुल्या राहतील. जिल्हा रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात चौकशी करा, तिथल्या तंत्रज्ञाला बॅजबद्दल विचारा. प्रवेशाच्या अटी दरवर्षी संस्थेच्या माहितीपत्रकातूनच तपासा, ऐकीव गोष्टींवर विसंबू नका. आणि पालकहो, किरणोत्सर्गाच्या भीतीने मुलांना या विषयापासून दूर ठेवू नका. ही भीती कमी करायची तर तो विषय नीट शिकलेली आपलीच मुलं जिल्ह्यात असायला हवीत.