सुटे भाग मिळत नाहीत तेव्हा : सायकलीच्या ब्रेक-मुठीची दुरुस्ती

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते राजवाडी होळीमुळे. त्या रात्री सातपुड्याच्या डोंगररांगांतून माणसे येथे जमतात आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटते. वर्षाचे उरलेले दिवस मात्र हा मुलूख चढ-उतारांचा, विखुरलेल्या पाड्यांचा आणि लांबच्या बाजारांचा असतो. मोलगीचा बाजार त्यातल्या त्यात जवळचा. त्यापुढे देवगोई घाट उतरून अक्कलकुवा आणि रेल्वेसाठी थेट नंदुरबार. अशा प्रदेशात सायकलीचा ब्रेक हा जिवाशी निगडित असतो.

हिशेब करून पाहावा. सायकल आणि स्वार उतारावरून १० मीटर उंची उतरले, ब्रेक लागलाच नाही आणि हवेचा व चाकांचा विरोध बाजूला ठेवला, तर पायथ्याशी त्यांचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर भरतो. हा वेग वजनावर अवलंबून नाही, केवळ उंचीवर आहे. म्हणजे आठवीतील सडपातळ मुलगी असो की धान्याचे पोते लादलेला बाप असो, धोका दोघांना सारखाच. आज मानव विकास कार्यक्रमासारख्या योजनांतून ग्रामीण मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु सायकल गावात पोहोचली तरी तिचे सुटे भाग पोहोचतातच असे नाही. मुठीची पिन झिजली, स्प्रिंग तुटली की दुकानदार म्हणतो, “सुटे मिळत नाही, अख्खा सेट घ्या.” आणि त्या सायकलीच्या मापाचा सेट बहुधा त्याच्याकडे नसतो. मग सायकल भिंतीला टेकून राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एकाच ब्रेकवर उतार उतरते.

सुटे भाग का मिळत नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. भारतातील सायकल उद्योगाची मोठी केंद्रे स्वातंत्र्यानंतर उभी राहिली. मद्रास येथे टी. आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपत येथे ॲटलस १९५१ मध्ये, तर लुधियाना येथे हीरो सायकल्स १९५६ मध्ये सुरू झाली. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली तेही हेच वर्ष. त्या काळातील काळ्या, उंच सायकलींना दांडीचे ब्रेक असत. मूठ दाबली की सळया वर ओढल्या जात आणि रबरी गुट्टे रिमच्या आतल्या बाजूस टेकत. निरनिराळ्या कंपन्यांच्या सायकलींत या भागांची घडण पुष्कळशी सारखी होती. त्यामुळे गावचा सायकलवालाही पिना, सळया, गुट्टे सुटे ठेवू शके. पुढे तारेचे ब्रेक रूढ झाले. मुठी कधी पत्र्याच्या, कधी ॲल्युमिनियमच्या, कधी प्लास्टिकच्या येऊ लागल्या आणि प्रत्येकीचे माप वेगळे झाले. इतक्या प्रकारच्या बारीक पिना ठेवणे लहान दुकानदाराला परवडत नाही, म्हणून तो संपूर्ण सेटच विकतो. यात त्याचा दोष नाही, पण अडचण आपली आहे.

मुठीची रचना

मिलिंदप्रश्न या ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतात. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, असे एकेक विचारून ते दाखवून देतात की, भाग योग्य रीतीने एकत्र आले म्हणजेच त्यांना रथ हे नाव मिळते. ब्रेकचेही तसेच आहे. तो एकट्या मुठीत नाही, तारेत नाही आणि गुट्ट्यांतही नाही. एका टोकाची पिन ढिली झाली की दुसऱ्या टोकाचा नवा कोरा गुट्टाही निरुपयोगी ठरतो.

मूठ ही साधी तरफ आहे. पिन हा तिचा टेकू. बोटे पिनेपासून ८ सेंटिमीटरवर आणि तारेची घुंडी २ सेंटिमीटरवर असेल, तर बोटांच्या जोराच्या चौपट जोर तारेवर पडतो. त्याच्या बदल्यात मूठ ४ सेंटिमीटर दाबावी तेव्हा तार १ सेंटिमीटर सरकते. म्हणूनच पिनेच्या भोकात १ मिलिमीटर ढिलाई आली, तरी मुठीची सुमारे ४ मिलिमीटर चाल वाया जाते. ढिलाई वाढत गेली की मूठ हँडलला टेकते आणि गुट्टे मात्र रिमला पुरते दाबत नाहीत.

दुरुस्तीची पद्धत

प्रथम निदान करावे. तार मुठीतून सोडवून मूठ नुसतीच हलवून पाहावी. ती सहज हलत असेल, तर दोष मुठीत नसून गंजलेल्या तारेत किंवा चाकाजवळच्या चिमट्यात आहे. ती अडखळत किंवा डगडगत असेल, तरच मूठ उघडावी.

पिन झिजली असेल तर तिच्या जागी बोल्ट बसवता येतो, मात्र बोल्ट निवडताना काळजी हवी. भोकाच्या आत बोल्टचा गुळगुळीत भाग आला पाहिजे, आटे बाहेर राहिले पाहिजेत. आटे भोकात राहिले तर ते कानशीसारखे काम करतात आणि महिन्याभरात भोक मोठे करून ठेवतात. बोल्ट भोकात हाताने सरकावा, पण डगडगू नये, हे त्याचे माप.

भोक लंबगोल झाले असेल तर दोन मार्ग आहेत. एक, ड्रिलने ते गोल व किंचित मोठे करून जाड बोल्ट घालणे. दोन, त्यात पितळी किंवा तांब्याच्या बारीक नळीचा तुकडा बुश म्हणून बसवणे. दुसरा मार्ग अधिक चांगला. पितळ लोखंडापेक्षा मऊ असल्याने पुढची झीज बुशची होते, मुठीची नाही, आणि बुश पुन्हा बदलता येतो. भोकाच्या कडेला पुरेसा धातू उरत नसेल, तर मात्र कोणताही मार्ग धरू नये.

मूठ आडवी हलत असेल तर दोन्ही बाजूंस पातळ वायसर घालावे. जाड वायसर दगडावर घासून हव्या त्या जाडीचा करता येतो. शेवटी नट असा आवळावा की मूठ मोकळी हलेल, पण आडवी डगडगणार नाही. तो नट त्याच जागी पान्याने धरून त्यावर दुसरा नट घट्ट बसवावा. दोन नट एकमेकांना आवळून धरतात आणि खडबडीत रस्त्यावरही सैल होत नाहीत.

मूठ परत आणणारी स्प्रिंग तुटली असेल, तर भंगारातील मुठीची स्प्रिंग काढून जुळवावी. बांधणीच्या मऊ तारेची स्प्रिंग करू नये. ती दोन दिवस वळण धरते आणि तिसऱ्या दिवशी लोळते.

काय करू नये

ज्या वस्तू बाजारात मिळतात त्या विकतच घ्याव्यात. ब्रेकची तार कुठेही मिळते. तिचे धागे तुटू लागले असतील तर गाठ मारून, डाग देऊन ती चालवू नये. बोल्टऐवजी खिळा वाकवून घालू नये. ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची मूठ तडकली असेल तर ती टाकून द्यावी, कारण अशी मूठ वाकून इशारा देत नाही, एकाएकी मोडते. वंगण पिनेला द्यावे, रिमला त्याचा थेंबही लागू देऊ नये.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. सायकल उभी ठेवून मूठ पूर्ण जोराने दहा वेळा दाबावी. मूठ व हँडल यांत दोन बोटांचे अंतर उरले पाहिजे आणि सोडताच मूठ आपोआप परत आली पाहिजे. नंतर सायकल हाताने ढकलत ब्रेक लावून पाहावा, मग सपाटीवर सावकाश चालवून आणि शेवटी लहानशा उतारावर. चार पायऱ्यांपैकी एकही गाळू नये. कालाम सुत्तात भगवंतांनी ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. “ठीक झालाय, जा” हे शब्दही ऐकीवच असतात. जुगाड आणि दुरुस्ती यांतील भेद येथेच आहे. जुगाड वेळ मारून नेतो, दुरुस्ती परीक्षेला उभी राहते.

हाताच्या कामाची प्रतिष्ठा

हा पाठ स्मरणिकेत कशासाठी, असे काही पालकांस वाटेल. मुलांनी कलेक्टर व्हावे, सायकलचे मिस्त्री कशाला, हा विचार आम्ही समजू शकतो. ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून काम मारले गेले, त्यांना हाताच्या कामाचा धाक वाटणे स्वाभाविक आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात हेच उलगडून दाखवले. जात कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच उतरंडीत बसवते. त्यांचा आक्षेप जन्माने लादलेल्या धंद्यावर होता, कौशल्यावर नव्हता. जो विद्यार्थी तरफेचे गणितही मांडतो आणि कानसही चालवतो, त्याच्या हाती ती उतरंड मोडते.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. राजा उदेनाने भदंत आनंदांना विचारले, इतकी चीवरे घेऊन तुम्ही काय करणार? आनंदांनी सांगितले की, जीर्ण चीवराचे आच्छादन होते, ते जीर्ण झाले की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग फडके आणि अखेर त्या चिंध्या मातीत कालवून जमीन सारवली जाते. भिक्षुसंघाने वस्तूचा असा मान राखला.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरच्या मोडक्या सायकली भंगारात देण्यापूर्वी त्यांच्या मुठी, पिना, स्प्रिंगा, नट-बोल्ट काढून शाळेकडे पोहोचते करावेत. मापाप्रमाणे डब्यांत लावून ठेवले, तर बाजारात न मिळणारा भाग आपल्याच आवारात मिळेल. नंदुरबार, नाशिक, पुण्याकडे असणाऱ्यांनी एखादा व्हर्नियर कॅलिपर किंवा पान्यांचा संच दिला तरी पुष्कळ. आणि सुटीत गावी याल तेव्हा मुलांबरोबर एक मूठ उघडून, जोडून, उतारावर पारखून पाहावी. 

जय भीम! नमो बुद्धाय!