जामीन राहिलेले सरकार

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्या घरोघरी ऐकू येते. घर बांधू पाहणाऱ्याची पहिली अडचण पैशाची. वीस वर्षांची मिळकत एकदम हाती येत नाही आणि डोक्यावरचे छप्पर तर आजच हवे असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या अडचणीवर जो उपाय योजला गेला, त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. व्याजाची उदाहरणे सोडविणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास तो समजण्यासारखा आहे.

प्रथम जुनी रीत पाहू. १९२० नंतरच्या दशकात तेथील बँका घराच्या किमतीच्या साधारणपणे निम्मीच रक्कम कर्जाऊ देत, आणि तीही बहुधा तीन ते पाच वर्षांच्या मुदतीने. तोवर ऋणको पुष्कळदा केवळ व्याज भरी; मुद्दल मुदतीअखेर एकरकमी द्यावे लागे. ते जमत नसल्यामुळे जुने कर्ज फेडण्यासाठी नवे काढण्याचा प्रघात होता. १९२९ नंतर महामंदी आली, बँका बुडाल्या, नवे कर्ज देण्यास कोणी धजेना. ज्याने व्याजाची एकही तारीख चुकविली नव्हती, तोही बेघर होऊ लागला. १९३३ साली दररोज सुमारे एक हजार घरे कर्जापायी जप्त होत होती.

२७ जून १९३४ रोजी राष्ट्रीय गृहनिर्माण कायदा झाला आणि त्यान्वये ‘फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ हे सरकारी खाते स्थापन झाले. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हे खाते स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बँकच देते. ऋणकोने कर्ज बुडविले तर धनकोचे नुकसान भरून देण्याची हमी खाते घेते. आपल्याकडे शेजाऱ्याच्या कर्जाला एखादा वडीलधारा जामीन राहतो, तसाच हा प्रकार. मात्र हा जामीन फुकट राहत नाही. तो ऋणकोकडून विम्याचा आकार घेतो, आणि अनेकांच्या पैशांतून साठलेल्या निधीतून थोड्यांचे बुडीत भरले जाते.

जामीन भक्कम मिळताच अटी सैल झाल्या. किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज आणि २० वर्षांपर्यंत मुदत मिळू लागली. समजा, घराची किंमत ६,००० डॉलर आहे. घरधन्याने पदरचे १,२०० घातले आणि उरलेले ४,८०० द. सा. द. शे. ५ व्याजाने घेतले. विम्याचा आकार सोडून मासिक हप्ता सुमारे ३१ डॉलर ६८ सेंट येतो. पहिल्या महिन्यात त्यातले २० डॉलर व्याजाचे, ११ डॉलर ६८ सेंट मुद्दलाचे. दुसऱ्या महिन्यात मुद्दल तेवढे घटलेले, म्हणून व्याज १९ डॉलर ९५ सेंट. हप्ता तोच राहतो. व्याज उतरते, मुद्दलाची फेड वाढते. २४० व्या हप्त्याबरोबर सारे ऋण फिटते.

१९४४ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या गृहकर्जांनाही सरकारने अशीच हमी देऊ केली. आज उपरोक्त खात्याच्या योजनेत पात्र ऋणकोला किमतीच्या अवघ्या ३.५ टक्के रकमेवर घर घेता येते. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी: विम्याचा आकार ऋणको भरतो, पण संरक्षण मिळते ते धनकोला. हप्ते थकत गेले तर बँकेचे पैसे भरून निघतात. ऋणकोचे घर मात्र जाते.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. जामीन कोणाला राहावयाचे, हे खातेच ठरवी. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या मानून तेथील घरांना हमी नाकारली जाई. १९४१ साली डेट्रॉइट शहरात अशा एका वस्तीलगत गोऱ्यांसाठी घरे बांधू पाहणाऱ्या बिल्डरलाही हमी मिळेना. त्याने दोहोंच्या मध्ये सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत घातली. मग हमी मिळाली. १९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीतला असा भेदभाव बेकायदा ठरविला. भिंत अद्याप उभी आहे.

हप्ता भरण्याची ऐपत भिंतीच्या अलीकडे होती, तशी पलीकडेही होती. पण एका बाजूच्या मुलांना वारशाने घर मिळाले, दुसऱ्या बाजूच्या कित्येकांना नाही. अंकगणित दोघांना सारखेच होते. जामीन सारखा नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरी गृहकर्ज असल्यास वडीलधाऱ्यांजवळ बसून त्याचे पत्रक पाहा. या महिन्याच्या हप्त्यात व्याज किती व मुद्दल किती, ते वेगळे मांडा. आणि जामीन कोण राहिले होते, तेही अवश्य विचारा.